टॅक्सिडर्मी शिकायचीय, सुरुवातीला नेमकं काय सामान घेऊ?

चिंगी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. म्युझियममधले डायोरामा (प्राण्यांचे हुबेहूब देखावे) बघून टॅक्सिडर्मीचं, म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी जिवंतासारखी मांडून ठेवायच्या कलेचं, वेड लागलंय आणि आता नुसतं बघत बसायचं नाही, हाताने करून बघायचं असं ठरवलंय. मोठं काही नको, उंदीर किंवा फार तर घूस-सशाएवढं. सापांना खायला घालायला जे फ्रोझन उंदीर मिळतात त्यांच्यापासून सुरुवात करायचा विचार आहे, म्हणजे छंदापायी कुठलाही प्राणी मारायला नको.

अडचण अशी की इंटरनेटवर सामानाच्या ज्या याद्या आहेत त्या वाचून डोकं गरगरतं. एक म्हणतो तयार किट घ्या, दुसरा म्हणतो किट म्हणजे कचरा. कोणी बोरॅक्स (टाकणखार) सांगतं, कोणी म्हणतं बोरॅक्सला हातही लावू नका. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा ना, पहिल्या उंदराला काय लागतंच आणि काय नंतर घेतलं तरी चालतं?

उडाणटप्पू
१) हिंमत २) स्वतंत्र फ्रीजर ३) घरच्यांची लेखी परवानगी, सही-शिक्क्यासकट :))

सुईदोरा
चिंगी, स्वागत. टप्पूचं दोन नंबरचं उत्तर मात्र शंभर टक्के खरं आहे, त्यावर नंतर येते.

आधी धार. स्काल्पेलचं ३ नंबरचं हँडल आणि त्याला बसणारी १०, ११ आणि १५ नंबरची पाती. ४ नंबरच्या हँडलला २० च्या पुढची मोठी पाती बसतात, ती उंदराला अजिबात लागत नाहीत, मोठ्या जनावरांसाठी आहेत. सुरुवातीच्या चिरेला १० किंवा १५ घे, त्यांची धार गोलाकार असते त्यामुळे कातडीवरून सरकतात, आरपार घुसत नाहीत. ११ टोकदार आहे, नवख्या हातात ते आधी पोटात शिरतं आणि मग आतडं फुटून सगळा वास. ते फक्त कान, ओठ, पापणी अशा बारीक जागांसाठी ठेव. पाती भरपूर घे आणि बोथट वाटलं की लगेच बदल, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की कातडी नाहीतर बोट, दोन्हीपैकी एक कापलं जातं. पातं काढताना बोटांनी ओढू नकोस, पक्कड वापर. वापरलेली पाती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात.

बाकी बारीक टोकाची वाकडी कात्री, दोन चिमटे (एक सरळ, एक वाकडा), वायर कापायची पक्कड, जुना टूथब्रश, हेअर ड्रायर. बस, सोलण्यापुरतं एवढंच. खरं सांगायचं तर उंदीर सोलताना पातं पहिल्या चिरेलाच लागतं, नंतर निम्म्याहून जास्त काम बोटाच्या पेराने आणि चिमट्याच्या पाठीने होतं, कातडी आणि मांस यांच्यामधे एक पांढरट पातळ पापुद्रा असतो तो हळूहळू सुटत जातो. चिकट झालं की मक्याचं पीठ नाहीतर बारीक भुसा भुरभुरवायचा, ओल शोषली जाते आणि केस घाण होत नाहीत.

निशाचर
भाबडा प्रश्न, रागावू नका. पेंढा कुठला भरायचा? सगळे म्हणतात ना पेंढा भरलेला वाघ.

मातीकाम
निशाचर, रागवायचं काय त्यात, सगळ्यांनाच असं वाटतं. कातडीची पिशवी करून त्यात ठासून भरणं ही पद्धत मागे पडून जमाना झाला. आता आधी आतलं शरीर बनवतात आणि त्याच्यावर कातडी चढवतात. कार्ल एकली नावाच्या माणसाने हे काम शिल्पकाराच्या पातळीवर नेलं, १८९० च्या सुमारास मिलवॉकीच्या म्युझियममधे त्याने मस्कऱ्यांचा देखावा केला होता. स्नायू, बरगड्या, वजन कुठल्या पायावर आहे, सगळं आधी आकारात घडवायचं आणि मग वरून कातडी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधलं आफ्रिकन दालन त्याच्याच कल्पनेतून आलं, तो गेला १९२६ मधे आणि दालन उघडलं १९३६ मधे.

छोट्या प्राण्याला वूड वूल म्हणजे लाकडाचा लांब कीस, तो मुठीत दाबून दोऱ्याने घट्ट गुंडाळत गुंडाळत खऱ्या धडाच्या मापाचा आकार करायचा. दोरा जिथे जास्त ओढशील तिथे कंबर बारीक होते. मोठ्या प्राण्यांना तयार फोमचे साचे मिळतात पण उंदरासाठी ते घेऊ नये असं माझं ठाम मत. गुंडाळायला शिकलं की शरीर समजतं.

चिंगी
मस्कऱ्या म्हणजे?

मातीकाम
मस्करॅट ग, पाण्याकाठचा उंदरासारखा प्राणी. लिहिण्याच्या ओघात मराठीकरण झालं.

उडाणटप्पू
मला वाटलं मस्करी करणाऱ्यांना पण भरून ठेवतात. जपून राहिलं पाहिजे.

पशुवैद्य_काका
सामानाच्या यादीत पहिला मान हातमोज्यांचा, सुईदोराताईंनी ते धरूनच चाललं असणार पण मी ठळक लिहितो. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, भुकटी हाताळताना एन-९५ मास्क. कामाचं टेबल वेगळं, त्यावर टाकून देता येईल असा कागद, आणि ती सुरी-कात्री परत कुठल्याही दुसऱ्या कामाला वापरायची नाही.

कशापासून कुठला आजार होऊ शकतो तेही ऐकून ठेवा. सशांपासून ट्युलरेमिया, पोपटवर्गी पक्ष्यांपासून आणि कबुतरांपासून सिटॅकोसिस, जंगली उंदीर-घुशींपासून लेप्टोस्पायरोसिस, सस्तन प्राण्यांच्या लाळेतून आणि मेंदूतून रेबीज. एक मोठा गैरसमज असा की फ्रीजरमधे ठेवलं म्हणजे जंतू मेले. तसं नाहीये, थंडीत बरेच जंतू आणि विषाणू नुसते थांबून राहतात. म्हणून कशाने मेला ते माहीत नसलेला प्राणी, आजारी दिसणारा प्राणी, विष खाल्लेला असू शकेल असा प्राणी, यांना नवशिक्याने हात लावूच नये. चिंगीने फ्रोझन उंदीर निवडलेत ते सर्वात शहाणपणाचं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

रानफूल
काका +१

कायद्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. रस्त्यात मेलेला पक्षी दिसला म्हणून उचलून आणला असं करायचं नसतं. बऱ्याच देशांत वन्य प्राणी मेलेला असला तरी तो बाळगायला बंदी असते किंवा परवाना लागतो. अमेरिकेत तर १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार कित्येक पक्ष्यांचं नुसतं पीस घरात ठेवणंसुद्धा बेकायदा आहे. सीमेपलीकडे न्यायचं असेल तर सायटीस करार (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा) लागू होतो, तो १९७३ चा. तेव्हा आपापल्या देशाचा, राज्याचा कायदा आधी वाचा. प्राणी कुठून मिळाला त्याची पावती किंवा नोंद जपून ठेवा, तीही सामानातच धरा. मला हे मनापासून वाटतं की ज्याचं जीवन संपलंय त्याला आदराने जपायचं असेल तर तो आपल्याकडे सरळ मार्गाने आलेला असला पाहिजे.

हाडांचा_डबा
आता बोरॅक्सचं भांडण मी सुरू करतो, कोणीतरी करणारच होतं.

बोरॅक्स काय करतं? ओल शोषतं आणि किडीला नकोसं होतं. कातडीचं चामडं करत नाही. म्हणजे बोरॅक्स चोळलेली कातडी ही वाळलेली कच्ची कातडीच असते, दमट हवेत ती ओल परत पिते. सस्तन प्राण्यांसाठी नीट पद्धत म्हणजे मीठ, पिकल, मग टॅनिंग (कातडी कमावणं). मीठ बारीक आणि बिनआयोडीनचं, भरपूर चोळायचं, पाणी सुटलं की झटकून परत नवीन. पिकल म्हणजे मीठ आणि आम्लाचं पाणी, साधारण १ लिटर पाण्याला १२० ग्रॅम मीठ आणि वर सायट्रिक आम्ल, पीएच अडीचच्या खाली राहिला पाहिजे. मीठ कमी पडलं तर आम्लाने कातडी फुगते आणि वाया जाते. बादली प्लास्टिकची, धातूची नको. म्हणून पीएच पट्ट्या ही माझ्या मते यादीतली सर्वात दुर्लक्षित वस्तू आहे, अंदाजाने आंबट झालंय का ते बघता येत नाही. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात आम्ल उतरवायचं आणि मग टॅनिंगचं द्रावण.

बोरॅक्स अल्कलीधर्मी, पिकल आम्लधर्मी. दोन्ही एकाच कातडीवर आणायचे नाहीत.

सुईदोरा
डबेदादा, म्हणणं बरोबर पण पहिल्याच उंदराला पिकल? उंदराची कातडी कागदासारखी पातळ, ती बोरॅक्सने दोन दिवसांत कोरडी होते आणि कोरड्या घरात काचेच्या पेटीत ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. पक्ष्यांना तर अजूनही कितीतरी अनुभवी लोक बोरॅक्सच वापरतात. नवीन माणसाने आधी सोलणं, आकार, शिवण हे तीन शिकावं, रसायनं दुसऱ्या टप्प्यावर.

हाडांचा_डबा
पहिल्या उंदराला चालेल, ठीक आहे, एवढं मान्य. पण सवय तीच लागते ना. आणि युरोपीय संघाने बोरॅक्स प्रजननक्षमतेला घातक पदार्थांमधे टाकलंय, त्यामुळे "साबणाच्या कपाटातली पावडर" म्हणून उघड्या हाताने कोणी उधळू नये.

पशुवैद्य_काका
याला अनुमोदन. मास्क, हातमोजे, गरोदर बाई किंवा लहान मुलं त्या खोलीत नकोत. फॉर्मॅलिनच्या वाटेला तर जाऊच नका, त्याने कॅन्सर होतो आणि घरात त्याच्या वाफेची सोय करता येत नाही. टोचून सुकवायचं म्हणून काही जण अजून सुचवतात, ऐकू नका.

जुनं_कपाट
विषय निघालाय म्हणून एक इशारा. कोणाच्या घरी आजोबांच्या काळातलं हरणाचं डोकं नाहीतर पक्षी असेल आणि शिकण्यासाठी तो उसवून बघावा असं वाटत असेल तर थांबा. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्सच्या बेकूर यांनी आर्सेनिकचा साबण बनवला, किडी लागत नाहीत म्हणून तो जगभर पसरला आणि विसाव्या शतकातही बराच काळ वापरात होता. ते आर्सेनिक अजून त्या पिसांत-केसांत आहे. धूळ झटकायची नाही, कुरवाळायचं नाही, हातमोज्यांशिवाय उचलायचं नाही. मी जुन्या वस्तू सांभाळण्याचं काम करते, आमच्याकडे असा प्रत्येक नमुना विषारी आहे असं गृहीत धरूनच हाताळतात.

निशाचर
बापरे. हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

मातीकाम
एवढी चर्चा झाली पण ज्या वस्तूवाचून बहुतेकांचे उंदीर उंदरासारखे दिसत नाहीत ती कोणीच लिहिली नाही. मोजपट्टी आणि वही!

सोलायच्या आधी नाकापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत, दोन डोळ्यांमधलं अंतर, कानाची रुंदी, मान, छाती, पोट यांचा घेर. सोलल्यावर आतलं धड कागदावर आडवं ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ काढून घ्यायची, वरून आणि बाजूने. एक व्हर्नियर कॅलिपर घ्या, डोळ्याचा गोळा काढल्यावर त्याचा व्यास त्यानेच मोजायचा आणि मग त्या मापाचे डोळे मागवायचे. उंदराला काळे मणी चालतात, ३ मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या प्राण्याला काचेचे डोळे घ्यावे लागतात कारण त्यांची बाहुली आणि रंग दिसतात.

आणि जिवंत प्राण्याचे फोटो, शेकड्याने. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममधे एक वॉलरस आहे, १९ व्या शतकातला. करणाऱ्यांनी कधी वॉलरस पाहिलेला नव्हता, त्यांना ठाऊकच नव्हतं की त्याच्या अंगावर घड्या असतात, म्हणून कातडी ताणली जाईपर्यंत भरत गेले. आजही तो तसाच गुळगुळीत टम्म फुगलेला आहे आणि लोकांचं त्याच्यावर प्रेम आहे. स्वीडनमधे ग्रिप्सहोमच्या राजवाड्यात एक सिंह आहे, तीच गत, चेहरा बघून सिंह आहे हे सांगावं लागतं. कारागिरांच्या हातात कसब होतं, समोर सिंह नव्हता.

उडाणटप्पू
त्या सिंहाचा फोटो आत्ता शोधून बघितला. अख्खं ऑफिस वळून बघतंय मी का हसतोय म्हणून. आज दिवस सार्थकी लागला, धन्यवाद मातीकाम.

रानफूल
अवांतर : चार्ल्स डार्विनने पण टॅक्सिडर्मी रीतसर शिकून घेतली होती. १८२६ मधे एडिंबरोला जॉन एडमनस्टन यांच्याकडे. ते मूळचे गयानाचे, गुलामीतून मुक्त झालेले गृहस्थ, पक्षी भरण्यात वाकबगार. बीगल बोटीवर डार्विन जे पक्षी टिकवून घेऊन आला ते या शिकवणीच्या जोरावर. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, नाव कुठे घेतलं जात नाही म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे घेते.

जुनं_कपाट
वा, सुंदर. हे अवांतर असलं तरी हवंच.

पंखवाला
उशीरा आलो. पक्षी सोपा की उंदीर यावर कोणी काही बोललं नाही. मी पक्ष्यांकडे झुकणारा. पिसांखाली शिवण लपते, केसांखाली इतकी लपत नाही. पण पक्ष्याची कातडी पातळ असते आणि पिसांच्या मुळाशी चरबी चिकटलेली असते, बदकात तर विचारूच नका. ती काढायला फिरणारा तारेचा ब्रश लागतो, नंतर भांडी धुण्याच्या लिक्विडने परत परत धुवून, मग बटाट्याचा स्टार्च लावून ड्रायरने पिसं फुलवत वाळवायचं. चरबी राहिली की काही महिन्यांनी पिवळं तेल झिरपून पोटाची पिसं चिकट होतात. म्हणून नव्या माणसासाठी सुरुवात उंदरानेच हे मलाही पटतं. फक्त पांढऱ्या छोट्या उंदरापेक्षा मोठा रॅट घ्यावा, कातडी जरा जाड, चूक झाली तर शिवता येते, बोटं आत मावतात.

मासा मात्र कोणी पहिला घेऊ नका. वाळला की रंग उडतो, सगळा रंगकामाचा खेळ आहे. पक्ष्यांच्या चोची आणि पायांचंही तेच, वरून रंगवावे लागतात.

सुईदोरा
पंखवाला, रॅटबद्दल सहमत.

आता फ्रीजर, आधी म्हटलं होतं तसं. जनावर मेल्यापासून कुजायला लागतं आणि केस गळायचं मूळ कारण जिवाणू, रसायनं नव्हेत. पोटावर हिरवट झालं, बोटाने हलकं ओढलं आणि केसांचा पुंजका हातात आला की त्या कातडीला काहीही करून वाचवता येत नाही. म्हणून आणल्या आणल्या ओल्या कागदात डोकं-पाय-शेपूट गुंडाळायचं (बारीक भाग फ्रीजरमधे आधी सुकतात), झिपलॉकमधून हवा काढून दुहेरी पिशवी, वर प्राणी आणि तारीख. काढल्यावर खोलीत नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळू द्यायचं. पूर्ण वितळायच्या आत, आत थोडं गोठलेलं असतानाच सोलायला घेतलं तर पोटातलं सगळं घट्ट राहतं आणि काम स्वच्छ होतं.

चिंगी, सामायिक फ्रीजर असेल तर झाकणाचा वेगळा डबा आणि त्यावर ठळक नाव. हे टाळू नकोस.

उडाणटप्पू
म्हणजे आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवायचं नाही. नोंद घेतली :))

जुनं_कपाट
तयार झाल्यावरही फ्रीजर लागतो. उणे २० अंशाला बंद पिशवीत दोन आठवडे, पतंगांच्या आणि केसाळ भुंग्यांच्या अळ्या मरतात. काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर थेंब कातडीवर बसतात. नंतर उन्हापासून लांब ठेवायचं.

हाडांचा_डबा
त्या भुंग्यांचीच भावकी माझ्याकडे कवट्या साफ करते, डर्मेस्टिड म्हणतात त्यांना. म्हणून माझी वसाहत आणि माझी टॅक्सिडर्मी कधी एका छपराखाली नसते. चिंगीला कवटी पण ठेवायची असेल तर उकळू नकोस, चरबी हाडात शिरून बसते. क्लोरीनचं ब्लीच नको, हाड भुसभुशीत होतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं होतं.

चिंगी
किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आता नीट विचारते, तयार किट घ्यायचं की नाही? आणि शिवण, वायर, गोंद यांचं कोणी लिहिलं नाही अजून.

सुईदोरा
किट नको. त्यात हमखास बोथट पाती, चुकीच्या मापाचे डोळे आणि कुठल्यातरी सरासरी उंदराचा फोम असतो. सुटं घे.

वायर गॅल्वनाइज्ड, रॅटच्या पायाला १ मिलिमीटरच्या आसपास, शेपटीला त्याहून बारीक. जाड घेतलीस तर पावलातून जात नाही, बारीक घेतलीस तर उभा राहत नाही. टोक कानशीने तासून सुईसारखं करायचं, ते तळव्यातून आत घालून पायाच्या हाडाच्या मागून वर काढायचं, मग हाड आणि वायर एकत्र धरून कापूस आणि दोऱ्याने जेवढं मांस काढलंय तेवढीच जाडी परत द्यायची. मग वायर वूड वूलच्या धडातून आरपार आणि पलीकडे वाकवून परत आत रुतवायची. शिवायला बारीक सुई, चामड्याला वापरतात तशी त्रिकोणी टोकाची मोठ्या प्राण्यांना, उंदराला साधी बारीक चालेल. दोरा मेणाचा किंवा दात साफ करायचा फ्लॉस. टाका कातडीच्या आतून बाहेर, एकदा या काठाने एकदा त्या काठाने, म्हणजे केस आत खेचले जात नाहीत.

मातीकाम
डोळ्याच्या खोबणीत आणि गालात पाण्यात मळलेली माती, डोळा तिच्यात बसवून पापणी सुईच्या टोकाने त्याच्यावर ओढून घ्यायची. वाळताना पापणी आकसते म्हणून थोडी जास्तच ओढून ठेवायची. कानाला दोन बाजूंनी पातळ पुठ्ठ्याचे तुकडे आणि किडे टाचून ठेवायच्या बारीक टाचण्या, पावलांना पण टाचण्या, वाळेपर्यंत काढायच्या नाहीत. दिवसातून एकदा बघून हलवून घ्यायचं, वाळलं की मग काही हलत नाही.

पंखवाला
गोंद म्हणून पांढरा पीव्हीए, कातडी आणि धड यांच्यामधे पातळ थर. सुपरग्लू फक्त कानाच्या फाटलेल्या काठासारख्या जागी, थेंबभर. केसांवर सांडला तर निघत नाही.

चिंगी
मग माझी यादी अशी झाली : ३ नंबर हँडल, १०, ११ आणि १५ ची पाती, कात्री, चिमटे, पक्कड, हातमोजे, मास्क, गॉगल, बोरॅक्स, मक्याचं पीठ, वूड वूल, दोरा, वायर, कानस, माती, काळे मणी, टाचण्या, पीव्हीए, कॅलिपर, वही, फ्रीजरसाठी झाकणाचा डबा. मीठ-पिकल दुसऱ्या प्राण्यापासून. काही राहिलं का?

हाडांचा_डबा
पीएच पट्ट्या आत्ताच घेऊन ठेव, दुसरा प्राणी लवकर येतो.

पशुवैद्य_काका
पाती टाकायचा डबा राहिला. आणि काम झाल्यावर टेबल पुसायला जंतुनाशक, ते किमान दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं मग पुसायचं.

मातीकाम
पायाखाली लाकडी फळी, वायर रोवायला. बारीक ड्रिल बिट असेल तर घे, वायरच्या मापाचं.